जुना मोबाईल आणि शिक्षकाची जबाबदारी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षणविस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वाचन, गणित आणि मूल्यमापन या नित्याच्या विषयांच्या पंक्तीत आजचा माझा विषय काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. जुना मोबाईल विकण्यापूर्वी अथवा दुसऱ्या कोणास देण्यापूर्वी त्यातील माहिती कशी नाहीशी करावी, हा प्रश्न दुकानदाराने सोडवावा किंवा घरातील एखाद्या तरुण मुलाने उरकून टाकावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तथापि, आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने थोडा विचार केला तर हा प्रश्न शाळेच्या दप्तराचा आहे आणि म्हणूनच तो आपला आहे, असे दिसून येईल.

शिक्षकाच्या मोबाईलमध्ये काय काय असते, याची एकदा शांतपणे यादी करून पाहावी. यू-डायस प्लसची माहिती भरताना टिपलेली मुलांच्या आधारपत्रांची छायाचित्रे त्यात असतात. ‘अपार’ क्रमांकासाठी पालकांनी सही करून दिलेली संमतिपत्रे असतात. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मागविलेली बँक पासबुकांची पहिली पाने, जातीचे दाखले, दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे ही सारी त्यातच असतात. पालकांच्या व्हॉट्सॲप गटातील सर्वांचे क्रमांक, पोषण आहाराची दैनंदिन नोंद पाठविण्याचे ॲप, शाळेच्या निरनिराळ्या पोर्टलांचे परवलीचे शब्द हेही तेथेच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यानंतर मुलांनी आपापल्या घरातून पाठविलेले वाचनाचे आणि गाण्यांचे व्हिडिओ कित्येकांच्या मोबाईलमध्ये अद्याप पडून असतील. शिवाय त्याच यंत्रात स्वतःचे बँकेचे ॲप, यूपीआय, शालार्थची वेतनपत्रके आणि घरच्या मंडळींची छायाचित्रे असतात, ती वेगळीच.

शाळेचे जनरल रजिस्टर आपण कपाटात कुलूपबंद ठेवतो. मुख्याध्यापक बदलला की प्रभार देताना त्याची नोंद होते, नवा मुख्याध्यापक पाने तपासून मगच सही करतो. ते रजिस्टर कोणी रद्दीवाल्याच्या तराजूत टाकील, ही कल्पनाही आपणांस सहन होणार नाही. परंतु त्या रजिस्टरात जी माहिती आहे, तीहून अधिक माहिती ज्या मोबाईलमध्ये आहे, तो मात्र आपण दोन-तीन हजार रुपयांसाठी अनोळखी माणसाच्या हाती निश्चिंतपणे देतो. या दोन वर्तनांत जी विसंगती आहे, तिच्याकडे आपले लक्ष वेधणे एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे. मोबाईल आपल्या मालकीचा असेल. परंतु त्यात असलेली मुलांची माहिती आपल्या मालकीची नाही. ती पालकांनी विश्वासाने दिलेली ठेव आहे.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खाजगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या आहेत. या अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले असून बालकांच्या माहितीची विशेष काळजी घ्यावी, असे त्याचे धोरण आहे. आपल्या वर्गातील प्रत्येक मूल या व्याख्येत येते, हे वेगळे सांगावयास नको.

येथे काही बंधू म्हणतील, की आमच्या मोबाईलमध्ये लपविण्यासारखे असे आहे तरी काय? वस्तुतः फसवणूक करणारा मनुष्य रहस्ये शोधीत नसतो. त्याला उपयोगी पडणारी साधी माहिती हवी असते. समजा, एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती मुलीचे नाव, तिची इयत्ता, वडिलांचा मोबाईल क्रमांक आणि त्यांच्या पासबुकाचे छायाचित्र पडले. तो वडिलांना दूरध्वनी करून म्हणेल, “मी पंचायत समितीतून बोलतो आहे. आपल्या मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, खाते क्रमांक अमुक अमुक आहे ना? आता आलेला ओटीपी तेवढा सांगा.” नाव बरोबर, शाळा बरोबर, खाते क्रमांक बरोबर, मग त्या शेतमजूर बापाने संशय घ्यावा तरी कशाचा? मुलांविषयीची खरी माहितीच येथे खोट्या माणसाच्या हातचे हत्यार होते.

गावोगाव फिरून जुन्या, बंद पडलेल्या मोबाईलच्या बदल्यात भांडी किंवा प्लास्टिकचे टब देणारे फेरीवाले आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांतील बहुतेक पोटासाठी फिरणारे असतात, हे खरे. परंतु २०२४ साली शेजारच्या तेलंगणात अशा रीतीने खेड्यांतून गोळा केलेले हजारो मोबाईल पोलिसांनी जप्त केले. ते सायबर गुन्हेगारांना पुरविण्याचा बेत होता, असे तपासात पुढे आले. घरातील गृहिणीने दिलेला मोबाईल बंद असला, तरी त्यातील माहिती बंद झालेली नसते. दुरुस्त करणारा ते यंत्र पुनः सुरू करू शकतो.

आता मुख्य गैरसमजाकडे वळू. पुष्कळांस वाटते, की छायाचित्रे निवडली आणि ‘डिलीट’चे बटण दाबले, की काम संपले. पाटीवरील अक्षरे ओल्या फडक्याने पुसली की ती उरत नाहीत, हा आपला लहानपणापासूनचा अनुभव. तोच आपण मोबाईललाही लावतो. परंतु मोबाईलची रीत पाटीसारखी नसून ग्रंथालयासारखी आहे. ग्रंथालयाच्या नोंदवहीतून एखाद्या पुस्तकाचे नाव खोडले, म्हणून पुस्तक फडताळातून नाहीसे होत नाही. फक्त ते कोठे आहे हे वाचकाला कळेनासे होते. जो फडताळे चाळील त्याला ते सापडतेच. जुन्या मोबाईलमध्ये आणि विशेषतः मेमरी कार्डात ‘डिलीट’ करणे म्हणजे असे नाव खोडणे होय. त्या जागेवर दुसरा मजकूर लिहिला जाईपर्यंत पहिला मजकूर तेथेच राहतो आणि सहज मिळणाऱ्या साधनांनी तो परत काढता येतो.

याखेरीज आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली ही, की एकाच छायाचित्राच्या प्रती अनेक ठिकाणी असतात. व्हॉट्सॲपवर आलेले आधारपत्र संवादात असते, छायाचित्रांच्या संग्रहात असते, बॅकअपमध्येही असते. एक प्रत पुसली म्हणजे सर्व गेल्या असे होत नाही. दुसरी गोष्ट उलट्या बाजूची आहे आणि ती अधिक नुकसानकारक ठरते. ‘गुगल फोटोज’मध्ये बॅकअप चालू असताना मोबाईलमधील छायाचित्र त्या ॲपमधून पुसले, तर खात्यातील प्रतही कचरापेटीत जाते आणि ६० दिवसांनी कायमची नष्ट होते. गुगल खात्याशी जोडलेल्या संपर्क क्रमांकांचीही तीच गत. म्हणजे विकण्यापूर्वी एकेक छायाचित्र, एकेक क्रमांक पुसत बसणारा मनुष्य जे ठेवावयाचे ते गमावतो आणि जे घालवावयाचे ते मागे ठेवतो. सबब, हाताने एकेक वस्तू पुसत बसू नये. संपूर्ण मोबाईल एकदम मोकळा करण्याची जी सोय यंत्रातच दिलेली आहे, तीच वापरावी. तिला ‘फॅक्टरी रीसेट’ म्हणतात.

परंतु केवळ रीसेट केल्याने माहिती नष्ट होते काय? या प्रश्नाचे उत्तर मोबाईल किती जुना आहे यावर अवलंबून आहे. २०१५ साली केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन या संशोधकांनी वापरलेले २१ अँड्रॉइड मोबाईल तपासले. ते सारे अँड्रॉइडच्या २.३ ते ४.३ या जुन्या आवृत्त्यांवर चालणारे होते. रीसेट केल्यानंतरही त्यांतून संदेश, छायाचित्रे आणि खात्यांत प्रवेश करून देणाऱ्या खुणा परत मिळविता आल्या. सुमारे ५० कोटी मोबाईल अशा प्रकारचे असू शकतील, असा त्यांचा अंदाज होता.

त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली. अलीकडील मोबाईल आपल्यातील सर्व माहिती कूटलिपीत साठवितात. यालाच ‘एन्क्रिप्शन’ म्हणतात. ही लिपी उलगडणारी किल्ली मोबाईलच्या आतच ठेवलेली असते. रीसेट केले की मोबाईल प्रथम ती किल्ली नष्ट करतो. मग मागे जे काही राहते, ते कोणालाही वाचता न येणाऱ्या अक्षरांचा ढिगारा असतो. एकेक पान जाळीत बसण्याऐवजी, जिला दुसरी जोड नाही आणि जिची प्रत करता येत नाही अशी किल्लीच वितळवून टाकावी, तसे हे आहे. आयफोनमध्ये ही व्यवस्था पूर्वीपासून आहे. अँड्रॉइडच्या १० व्या आवृत्तीसह, म्हणजे २०१९ पासून, बाजारात आलेल्या नव्या मोबाईलमध्ये ती सक्तीची झाली; त्यापूर्वीच्या काही वर्षांतील बऱ्याच मोबाईलमध्येही ती आढळते. आपल्या मोबाईलमध्ये आहे की नाही, हे सेटिंग्जमधील सुरक्षेच्या भागात ‘एन्क्रिप्शन’ हा शब्द शोधून पाहावे. नसेल आणि ती चालू करण्याची सोय असेल, तर आधी ती चालू करावी व मग रीसेट करावे. तशी सोयही नसलेला फारच जुना मोबाईल असेल, तर तो विकू नये हेच उत्तम. त्याला मिळणारी किंमत नाहीतरी नगण्य असते.

यानंतर प्रत्यक्ष कृतीचा क्रम सांगतो. क्रमाला येथे महत्त्व आहे, कारण एक पायरी चुकली तर पुढची अडते.

पहिली पायरी जतन करण्याची. नष्ट करणे आणि जतन करणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत. शाळेच्या कामाची जी कागदपत्रे मोबाईलमध्ये असतील, ती शाळेच्या संगणकावर घ्यावीत आणि मुख्याध्यापकांना तसे सांगावे. स्वतःची छायाचित्रे, संपर्क क्रमांक आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा. गुगल खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच जागेत मोजला जातो, म्हणून जागा शिल्लक आहे की नाही ते आधी पाहावे. मुलांच्या कागदांची जी छायाचित्रे काम संपल्यावरही केवळ पडून आहेत, ती नव्या मोबाईलमध्ये वाहून नेऊ नयेत. जुन्यातून नव्यात आणि नव्यातून आणखी नव्यात अशी ती पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात, आणि प्रत्येक मोबाईलबरोबर धोका वाढतो.

दुसरी पायरी परवलीच्या शब्दाची. आपल्यापैकी कित्येकांचे गुगल खाते मोबाईल घेताना दुकानदाराने किंवा घरातील मुलाने उघडून दिलेले असते आणि त्याचा परवलीचा शब्द आपणांस ठाऊकच नसतो. जुना मोबाईल हाती आहे आणि खाते त्यात उघडे आहे, तोपर्यंत हा शब्द बदलून घेणे शक्य असते. मोबाईल गेल्यावर तेच काम अतिशय कठीण होते. म्हणून परवलीचा शब्द स्वतः ठरवावा आणि नव्या मोबाईलमध्ये त्याच खात्याने प्रवेश होतो याची खात्री करावी. यूपीआय व बँकेची ॲपेही नव्या मोबाईलमध्ये सुरू झालेली पाहावीत. सिमकार्ड त्यासाठी नव्यात घालावेच लागते, त्यामुळे ते जुन्यात विसरण्याचा प्रसंगही टळतो.

तिसरी पायरी निरोपाची. जुन्या मोबाईलमधील बँकेच्या ॲपांतून, डिजिलॉकर आणि आधारच्या ॲपांतून, तसेच शाळेच्या पोर्टलांतून बाहेर पडावे. त्यानंतर सेटिंग्जमधील खात्यांच्या यादीतून गुगल खाते काढून टाकावे. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग घेणाऱ्याची पंचाईत होते. चोरीस आळा बसावा म्हणून २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये अशी व्यवस्था आहे, की खाते तसेच ठेवून बाहेरची बटणे दाबून मोबाईल मोकळा केला, तर तो पुनः सुरू होताना पूर्वीच्या मालकाचे खाते व परवलीचा शब्द मागतो. आयफोनमध्येही ‘फाइंड माय’ बंद केल्याखेरीज नव्या मालकाला मोबाईल वापरता येत नाही. अशा वेळी घेणारा मनुष्य आपणांस दूरध्वनी करून परवलीचा शब्द विचारतो आणि संकोचापोटी आपण तो सांगतोही. तो कोणत्याही परिस्थितीत सांगू नये. खाते आधीच काढले असेल तर हा प्रसंग येतच नाही.

चौथी पायरी सिमकार्ड व मेमरी कार्डाची. ही दोन्ही काढून घ्यावीत. रीसेट केल्याने मेमरी कार्डातील मजकूर जाईलच असे नाही आणि कार्ड ‘फॉरमॅट’ केले तरी तो परत काढता येतो, हे वर सांगितलेच आहे. कार्ड स्वतःजवळ ठेवावे. नको असेल तर कात्रीने त्याचे तुकडे करावेत. मोबाईलबरोबर ते भेट म्हणून देण्याचे औदार्य दाखवू नये. ज्यांच्याकडे ई-सिम आहे, त्यांनी ते नव्या मोबाईलमध्ये चालू झाल्यावर जुन्यातून पुसावे.

पाचवी पायरी रीसेटची. मोबाईल चार्जरला लावावा. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत ‘रीसेट’ असे लिहिले, की बहुतेक कंपन्यांच्या मोबाईलमध्ये योग्य जागा सापडते. तेथे ‘सर्व डेटा मिटवा’ किंवा ‘फॅक्टरी रीसेट’ हाच पर्याय निवडावा. ‘नेटवर्क रीसेट’ किंवा ‘सेटिंग्ज रीसेट’ हे पर्याय शेजारीच असतात, परंतु त्यांनी छायाचित्रे व कागदपत्रे जात नाहीत. मोबाईल आपला पिन मागेल, तो द्यावा. काही मिनिटांनी मोबाईल आपोआप पुनः सुरू होईल आणि भाषा निवडण्याचा स्वागताचा पडदा दिसेल. दुकानात नवा आणलेला मोबाईल जसा दिसतो तसा तो दिसला, म्हणजे काम झाले. तेथून पुढे न जाता मोबाईल बंद करावा आणि तसाच द्यावा. आपले जुने खाते घालून “चालतो की नाही” हे दाखविण्याचा मोह आवरावा.

काही विशेष प्रसंगांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. घरपोच अदलाबदलीत नवा मोबाईल आणणारा मनुष्य त्याच क्षणी जुना घेऊन जातो. तो दारात घाईने उभा असतो आणि जुन्यातून नव्यात काही घेण्यास अवसर मिळत नाही. म्हणून बॅकअप आणि खात्यांचे काम आदल्या दिवशीच उरकावे. तपासणीसाठी मोबाईल चालू दाखवावा लागतोच. ती झाल्यावर त्याच्यासमोरच रीसेट करावे. “आम्ही कंपनीत सर्व पुसतो” असे तो सांगेल. तो खरेही बोलत असेल. परंतु जनरल रजिस्टर आपण कोणाच्या तोंडी आश्वासनावर सोडीत नाही, तद्वतच हेही समजावे.

मोबाईल दिसतो परंतु बोटाचा स्पर्श घेत नाही, अशी तक्रार नेहमी आढळते. अशा वेळी ओटीजीची लहानशी जोडणी लावून संगणकाचा माऊस त्याला जोडावा. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये पडद्यावर बाण दिसू लागतो आणि सर्व पायऱ्या करता येतात. पडदा पूर्ण काळा झाला असेल, परंतु मोबाईल चालू असून इंटरनेटशी जोडलेला असेल, तर गुगलच्या ‘फाइंड हब’ या सेवेतून तो दुरून मोकळा करता येतो. पूर्वी हिचे नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ असे होते. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर तो मोबाईल फेरीवाल्यास देऊ नये. तो घरी ठेवावा अथवा ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले आहेत. हातोडीने ठेचण्याचा वा खिळा मारण्याचा उद्योग मात्र करू नये. आतील लिथियमची बॅटरी फुटली तर पेट घेते.

शाळेच्या मालकीचे टॅब आणि मोबाईल यांनाही हे सर्व लागू आहे. नादुरुस्त वस्तूंचे निर्लेखन करताना आपण जडवस्तूंच्या नोंदवहीत अनुक्रमांक, किंमत व स्थिती लिहितो. त्याच ओळीच्या शेवटी ‘माहिती नाहीशी केली’ असे लिहून तारीख घालण्याची व मुख्याध्यापकांनी सही करण्याची प्रथा आपल्या केंद्रातील शाळांनी स्वतःहून पाडावी, अशी माझी सूचना आहे. त्यास कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मोबाईल देताना एक साधी पावती करावी. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली, की मोबाईलचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव व सही एवढे कागदावर घ्यावे. पुढे त्या यंत्राचा गैरवापर झालाच, तर ते अमुक दिवशी आपल्या हातून गेले हे दाखविण्यास हा कागद उपयोगी पडतो. खरेदीदाराने ओळखपत्राची प्रत मागितली तर आधारची झाकलेली प्रत द्यावी, जिच्यात शेवटचे ४ अंकच दिसतात, आणि तिच्यावर कारण व तारीख लिहावी. उलट, जुना मोबाईल विकत घेणाऱ्याने १४४२२ या क्रमांकावर ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, त्यापुढे जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा संदेश पाठवून तो मोबाईल चोरीचा म्हणून बंद केलेला नाही याची खात्री करून घ्यावी. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरही, जे मे २०२३ मध्ये सुरू झाले, ही सोय आहे.

हे ऐकून काहींच्या मनात येईल, की आम्ही तर दोन वर्षांपूर्वीच मोबाईल देऊन बसलो, आता काय? तरीही बरेच करता येते. आपल्या गुगल खात्याच्या सुरक्षेच्या भागात, ते खाते ज्या ज्या मोबाईलमध्ये उघडे आहे त्यांची यादी असते. तीत जुना मोबाईल दिसला तर तेथूनच त्याला बाहेर काढावे. व्हॉट्सॲपमधील जोडलेल्या उपकरणांची यादीही पाहावी. गुगल, बँक आणि शाळेची पोर्टले यांचे परवलीचे शब्द बदलावेत. पैशाची फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे; पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. आणि पालकांची माहिती बाहेर गेल्याचा रास्त संशय असेल, तर संकोच बाजूस ठेवून त्यांना सावध करावे. “शाळेच्या नावाने कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका” एवढे एक वाक्य पालकसभेत सांगितले, तरी पुष्कळ अनर्थ टळतो.

बंधुभगिनींनो, शेवटी आपणांकडून तीन गोष्टींची अपेक्षा करतो. पहिली, घरी गेल्यावर आपल्या मोबाईलमधील मुलांच्या कागदपत्रांची छायाचित्रे शोधावीत. ज्यांचे काम संपले आहे ती मोबाईल विकण्याची वाट न पाहता काढावीत, आणि मोबाईलमधील व खात्यातील कचरापेटीही रिकामी करावी. दुसरी, पुढील पालकसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय दहा मिनिटे मांडावा, कारण गावातील बहुतेक मोबाईल आता घरच्या कर्त्यांपेक्षा मुलांच्याच हाती अधिक असतात आणि पुसण्याचे कामही त्यांच्याकडेच येते. तिसरी, सहावी-सातवीच्या मुलांना जुन्या मोबाईलवर हा क्रम एकदा प्रत्यक्ष करून दाखवावा. मुले हे चटकन शिकतात, आणि घरातील आजोबांचा मोबाईल फेरीवाल्याकडे जाण्यापूर्वी तीच हात धरून म्हणतील, “आजोबा, थांबा, आधी हा मोकळा करू या.”

पालक आपल्या मुलाचे नाव शाळेत घालतात, तेव्हा त्याच्या नावाबरोबर त्याची जन्मतारीख, त्याची जात, त्याचे आजारपण, घरची स्थिती हे सारे निःशंकपणे आपल्यापुढे ठेवतात. तेवढा विश्वास ते गावातील दुसऱ्या कोणावर टाकीत नाहीत. पूर्वी त्या विश्वासाचे रक्षण एका कुलपाने होत असे. आज ते आपल्या खिशातील यंत्रात आले आहे, म्हणून कुलपाची रीत बदलली. जबाबदारी मात्र तीच आहे. मोबाईल हातचा देण्यापूर्वी त्यासाठी अर्धा तास खर्ची घालणे आपणांस जड जाऊ नये.